सफरचंदापर्यंत हात

डाव्या दंडावर उजव्या हाताचा अंगठा टेकवा आणि अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबा. हा दाब साधारण चार किलोचा असतो. दाबलेलं कळेल, पण बहुतेकांना दुखणार नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं 1990 साली फायब्रोमायल्जिया ओळखायची कसोटी ठरवली, ती या अंगठ्यावर. अंगावरच्या 18 ठरावीक जागा अशा दाबून बघायच्या: मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराशी, कमरेखाली, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. त्यातल्या 11 जागी बाई कळवळली, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ सगळं अंग दुखतंय असं तिनं सांगितलं, की निदान पक्कं.

मी 'बाई' म्हटलं. कसोटीत तसं लिहिलेलं नव्हतं, पण व्हायचं तेच. दाबाची वेदना बायकांना एकंदरीत पुरुषांपेक्षा कमी दाबाला जाणवते, त्यामुळे अंगठ्याच्या परीक्षेत त्या जास्त संख्येनं 'उत्तीर्ण' होत. 2010 साली संघटनेनं अंगठा बाजूला ठेवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. शरीराच्या किती भागांत दुखतं? थकवा किती? झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? बोलता बोलता शब्द हरवतात का? या नव्या निकषांनी, दवाखान्याबाहेरच्या लोकांत पाहणी केली की स्त्री-पुरुषांमधलं अंतर बरंच कमी भरतं. तरी दवाखान्याच्या बाकावर अजून बायकाच जास्त दिसतात, आणि आभासी वास्तवाचे जे प्रयोग या प्रकरणात येणार आहेत त्यांतही बहुतेक बायकाच आहेत. या आजाराच्या पुरुषांबद्दल आपल्याला त्यामुळे फार थोडं कळतं, हे आधीच सांगून टाकते.

या दुखण्याचं बारसं दोनदा झालं. 1904 साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'फायब्रोसायटिस' असं नाव ठेवलं. त्यातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह, सूज. पुढची सत्तर वर्षं लोक ती सूज शोधत राहिले आणि ती काही सापडली नाही. मग 1976 मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द आला. त्यात सुजेचा दावा नाही, स्नायू आणि तंतू दुखतात एवढंच म्हटलंय. रक्त तपासा, एक्स-रे काढा, एमआरआय करा, 'रिपोर्ट नॉर्मल आहेत.' डॉक्टरांच्या दृष्टीनं ही चांगली बातमी. घरी पोचेपर्यंत तिचा अर्थ बदलतो. रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हिला धाड कसली भरलीय? ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आपण म्हणतो खरं, पण जळल्याचा डाग दिसावा लागतो.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन हाडं, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमाचा तो भाग होता. त्यात दिसलेल्या दुखण्यांपैकी मोठा हिस्सा संधिवाताच्या कुठल्याही ठसठशीत नावाखाली बसत नव्हता. अंग दुखतं, एवढंच. तेव्हा हा काही शहरी, सुखवस्तू बायकांचा चोचला नव्हे.

मग दुखतं कुठे? 2002 साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी 16 रुग्णांना आणि 16 निरोगी माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला. रुग्णांना हलक्या दाबानंच दुखलं, आणि वेदनेशी संबंधित मेंदूचे भाग तेव्हाच उजळले. निरोगी माणसांत तेवढी वेदना आणि तशीच हालचाल दिसायला बराच जास्त दाब द्यावा लागला. थोडक्यात, बाई खोटं बोलत नव्हती. पावसाळ्यात दाराच्या बेलला ओल लागते आणि ती आपोआप वाजायला लागते, हा अनुभव जुन्या घरांत राहणाऱ्यांना असेल. दार उघडावं तर बाहेर कुणी नाही. डॉक्टरही दार उघडून बघतात आणि कुणी नाही म्हणतात. पण बेल वाजतेय ती खरीच. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2017 साली अशा वेदनेला वेगळं नाव दिलं, 'नोसिप्लास्टिक'. इजा झालेली नाही, नस चेपलेली नाही, वेदना हाताळणारी यंत्रणाच हळवी झाली आहे.

आता चष्म्याकडे वळू. चष्मा म्हणजे तो डोळ्यांवर बांधायचा डबा, ज्याला सगळे व्हीआर हेडसेट म्हणतात. प्रत्येक डोळ्यापुढे वेगळं चित्र, मान वळवली की चित्रही वळतं, आणि काही मिनिटांत मेंदू मान्य करतो की आपण दुसरीकडे आहोत. वेदनेसाठी याचा उपयोग सिएटलमध्ये सुरू झाला. तिथल्या हार्बरव्ह्यू इस्पितळात भाजलेल्या रुग्णांवर उपचार होतात. भाजण्यापेक्षा नंतरचं ड्रेसिंग भयंकर असतं, रोज जखम धुवायची, मेलेली कातडी काढायची, आखडलेला सांधा ताणायचा. हंटर हॉफमन हे मानसशास्त्रज्ञ त्याआधी कोळ्याला घाबरणाऱ्यांवर आभासी कोळी दाखवून उपचार करत होते. डेव्हिड पॅटरसन भाजलेल्यांच्या वेदनेवर काम करत होते. दोघांनी मिळून भाजलेल्या दोन किशोरवयीन मुलांना ड्रेसिंगच्या वेळी हॉफमन यांचं ते कोळ्याचं जगच दाखवलं, आणि साध्या व्हिडिओ गेमपेक्षा त्यात वेदना कितीतरी कमी जाणवली. हा अहवाल 2000 साली छापून आला. पुढे खास भाजलेल्यांसाठी त्यांनी 'स्नोवर्ल्ड' बनवलं. सगळीकडे बर्फ, निळसर दरी, पेंग्विन, बर्फाची माणसं, आणि त्यांच्यावर बर्फाचे गोळे फेकायचे. आगीत होरपळलेल्याला बर्फात नेणं ही कल्पनाच किती माणुसकीची! 2004 साली निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला चटका देऊन स्कॅनरमध्ये पाहिलं, तेव्हा स्नोवर्ल्ड चालू असताना मेंदूच्या वेदनेशी जोडलेल्या भागांतली हालचाल खरोखर कमी झालेली आढळली.

कारण सोपं आहे. वेदनेला लक्ष लागतं. गोळे फेकण्यात लक्ष गुंतलं की वेदनेच्या वाट्याला कमी उरतं. दाताच्या खुर्चीत आपण छतावरचा पंखा मोजत बसतो, त्याचीच ही थोरली आवृत्ती.

पण ड्रेसिंग वीस मिनिटांत संपतं. फायब्रोमायल्जिया संपत नाही. चष्मा काढला, की ठणका तिथेच बसलेला. कुणी दिवसाचे चोवीस तास पेंग्विनांवर बर्फ फेकत बसणार नाही. म्हणून भाजलेल्यांच्या यशाचा आकडा उचलून फायब्रोमायल्जियाच्या जाहिरातीत चिकटवलेला दिसला, की मी ते पान उलटते. इथे लक्ष वळवून भागत नाही. दुसरं काही करावं लागतं, आणि त्यासाठी या आजाराचा दिनक्रम समजून घ्यावा लागतो.

एखाद्या सकाळी अंग जरा हलकं असतं. कितीतरी दिवसांनी. मग हातासरशी पडदे धुऊन घेऊ, हातासरशी डबे पुसून घेऊ, आठवडाभर तुंबलेलं सगळं हातासरशी. दुपारी खांदे भरून येतात, रात्री झोप नाही, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. चौथ्या दिवशी ती शिकलेली असते: पडदे धुतले की दुखतं. मग पडदे बंद. पुढे जिना बंद, भाजीची पिशवी बंद, नातीला उचलणं बंद. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं शरीर प्रत्येक हालचाल फुंकून प्यायला लागतं. न वापरलेले स्नायू अशक्त होतात, अशक्त स्नायू लवकर दुखतात, आणि तिची भीती खरी ठरते.

गंमत, किंवा क्रूरपणा म्हणा, असा की या आजारावर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो व्यायामाचाच. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं उपचारांची छाननी करून 2016 साली ज्या शिफारशी सुधारल्या, त्यांत 'जोरदार शिफारस' हा शिक्का मिळाला फक्त व्यायामाला. अमेरिकेनं 2007 ते 2009 या काळात मंजूर केलेली प्रीगॅबलिन, ड्युलॉक्सेटिन आणि मिलनॅसिप्रान ही तिन्ही औषधं त्याच्या खालच्या पायरीवर राहिली. म्हणजे जिला हलायची भीती बसली आहे तिचं औषध हलणं. 'रोज अर्धा तास चालत जा' असं चिठ्ठीवर लिहून देणं हा म्हणूनच मला निम्मा उपचार वाटतो. उरलेला निम्मा, ती चालेल कशी, हा.

या निम्म्यावर स्पेनमधल्या दोन गटांनी काम केलं. पहिला कास्तेयोनचा. तिथल्या जाउमे प्रथम विद्यापीठात अझुसेना गार्सिया-पालासिओस आणि क्रिस्तिना बोतेया या मानसशास्त्रज्ञांनी फायब्रोमायल्जियाच्या बायकांचे छोटे गट घेतले. त्यांच्याकडे 'एम्माचं जग' नावाचं आभासी जग होतं: बेट, वाळवंट, जंगल, बर्फातलं गाव, कुरण. मन जसं असेल तसं ते जग बदलता येई. कधी त्यात निवांत व्हायचं, कधी अंगात उमेद आणायची. पण खरा धडा होता तो कामाच्या वाटण्या करण्याचा. चांगल्या दिवशी ठरलेल्यापेक्षा जास्त करायचं नाही, वाईट दिवशी ठरलेल्यापेक्षा कमी करायचं नाही. 'हातासरशी' या शब्दाला रजा. आधी सहा बायकांवर चाचपणी झाली आणि 2013 साली छापली गेली. नंतर 61 बायकांचा प्रयोग झाला, काहींना हा उपचार आणि काहींना नेहमीचा. त्याचे निष्कर्ष 2015 साली आले.

ते मी दोनदा वाचले. आजारानं येणारी अडवणूक कमी झाली. जगण्याचा दर्जा सुधारल्याचं बायकांनी सांगितलं. दुखण्याशी जुळवून घ्यायच्या काही पद्धतीही सुधारल्या. आणि वेदनेची तीव्रता? तिथे दोन गटांत फरक पडला नाही.

पहिल्या वाचनात मला हा पराभव वाटला. वेदनेवरचा उपचार, आणि वेदना तशीच? दुसऱ्यांदा वाचताना उलटं वाटलं. वेदना तेवढीच असून बाई जर बाजारात जाऊन येत असेल, तर काहीतरी सुटलं आहे. जे सुटलं ते दुखणं नाही, हालचालीशी बांधलेली भीतीची गाठ. माझ्या मते या सगळ्या शाखेचं मोजमाप याच पट्टीनं करायला हवं. 'दहापैकी किती दुखतं?' हा प्रश्न ठेवा, पण 'गेल्या आठवड्यात काय काय केलंत?' हा त्याच्या वर ठेवा.

ही गाठ शरीरात किती खोल असते याचा सुंदर पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. 2015 साली डॅनियल हार्वी, लॉरिमर मोझली आणि सहकाऱ्यांनी मानदुखीच्या 24 रुग्णांना चष्मा लावला आणि दुखेपर्यंत मान वळवायला सांगितली. खोडी अशी, की चित्रात मान कधी प्रत्यक्षापेक्षा कमी वळलेली दिसे, कधी जास्त. कमी वळलीय असं दिसलं तेव्हा रुग्णांनी मान सुमारे सहा टक्के जास्त वळवली, मग दुखलं. जास्त वळलीय असं दिसलं तेव्हा सात टक्के आधीच दुखलं. मान तीच, मणके तेच. दुखायला कुठे सुरुवात करायची हे डोळ्यांनीही थोडंसं ठरवलं. हा प्रयोग फायब्रोमायल्जियावरचा नाही आणि आकडे लहान आहेत. पण आभासी जगात हात वर नेताना बाईला तो रोजच्यापेक्षा वर का नेता येतो, याचा एक धागा इथे हाती लागतो.

दुसरा स्पॅनिश गट कासेरेसचा, एक्स्त्रेमादुरा विद्यापीठातला. यांनी डोळ्यांवर काहीच बांधलं नाही. समोर पडदा, पडद्याखाली मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट हा कॅमेरा, आणि बायका मोकळ्या उभ्या. कॅमेरा अंगाची हालचाल टिपतो आणि पडद्यावरचा खेळ त्याला उत्तर देतो. आधी सांधे मोकळे करायचे. मग पडद्यावरच्या नृत्यशिक्षिकेबरोबर नाचायचं. मग सफरचंद येतं. कधी डोक्याच्या वर, कधी उजवीकडे लांब, कधी गुडघ्याजवळ. येतं आणि जातं, आणि ते जायच्या आत हातानं, पायानं त्याला गाठायचं. शेवटी जमिनीवर उमटलेल्या आभासी पावलांवर पाऊल टाकत चालायचं, कधी टाचांवर, कधी चवड्यांवर.

सफरचंदापाशी जरा थांबू. फिजिओथेरपिस्ट म्हणते, 'हात वर घ्या,' तेव्हा बाईचं सगळं लक्ष खांद्यात असतं. आता दुखेल, आता दुखेल. सफरचंद म्हणत नाही हात वर घ्या. ते नुसतं वर दिसतं. लक्ष फळावर जातं आणि खांदा आपलं काम करून मोकळा होतो. आपण कैरी पाडायला दगड भिरकावतो तेव्हा खांद्याचा कोन बघतो का? खेळ संपल्यावर बाईच्या ध्यानात येतं, की कपाटाचा वरचा खण जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्या उंचीवर हात आत्ता दहा वेळा जाऊन आला. आणि काही मोडलं नाही.

कासेरेसच्या गटानं आठ आठवडे आठवड्यातून दोन तास हा कार्यक्रम घेतला. 2017 साली छापलेल्या त्यांच्या अहवालात ऐंशीच्या आसपास बायका होत्या. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ही साधी परीक्षा खेळणाऱ्या बायका पूर्वीपेक्षा लवकर पार करू लागल्या. तोल सुधारला, आणि पडण्याची भीती कमी झाली. पुढे हाच कार्यक्रम 24 आठवड्यांचाही झाला. नऊवारी गुंडाळून मंगळागौरीला झिम्मा-फुगड्या खेळणाऱ्या पणज्यांना यातलं काहीही नवं वाटलं नसतं, फक्त पडद्याला त्या हसल्या असत्या.

यातलं व्हीआर नेमकं कुठे, असं कुणी विचारेल, आणि बरोबर विचारेल. 'आभासी वास्तव' या एका लेबलाखाली डोक्यावरचा डबा, मोठा पडदा आणि कॅमेऱ्याचा खेळ हे तिन्ही विकले जातात. चष्म्याच्या बाजूनं सर्वांत ठोस मंजुरी आहे ती अमेरिकेच्या औषध प्रशासनाची. नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी 'ईझव्हीआरएक्स' या संचाला परवानगी दिली. आठ आठवड्यांत घरच्या घरी 56 छोटी सत्रं, श्वासाचे व्यायाम, लक्ष वळवणं, वेदनेविषयी शिकवण. 179 जणांच्या चाचणीत हा संच वापरणाऱ्यांपैकी 66 टक्क्यांनी वेदना 30 टक्क्यांहून जास्त उतरल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटाला साधं, सपाट चित्र दाखवलं होतं, तिथेही 41 टक्क्यांनी तसं सांगितलं. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. आणि परवानगी आहे कमरेच्या जुनाट दुखण्यासाठी. फायब्रोमायल्जियासाठी नाही.

त्याच चाचणीत सुमारे 21 टक्क्यांना चष्म्याचा त्रास झाला, आणि जवळपास 10 टक्क्यांना गरगरलं, मळमळलं. फायब्रोमायल्जियाच्या बाईला आधीच मान धरलेली, उजेड सोसत नाही, डोकं ठणकतं. मी एकदा तो डबा दहा मिनिटं घालून बघितला. वजन अर्धा किलो, पट्टा नेमका अंबाड्यावर येतो, आणि काढल्यावर माझी धडधाकट मानसुद्धा अवघडली होती. बायकांना या चष्म्यांनी जास्त मळमळतं, हे खूप दिवस 'बायकांचं तसंच असतं' या खात्यावर जमा होतं. 2020 साली के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष बराचसा भिंगांचा होता. चष्म्याच्या दुकानात बुबुळांमधलं अंतर मोजतात, ज्याला ते पीडी म्हणतात, ते अनेक बायकांत कमी असतं, आणि हेडसेटची भिंगं तेवढी आत सरकतच नव्हती. भिंगं जमली की बायका-पुरुषांतला फरक जवळजवळ गेला. रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाईला खोटं ठरवायचं, आणि चष्मा बसत नाही म्हणून बाईला नाजूक ठरवायचं, ही एकाच घरातली भावंडं.

या शाखेचे प्रयोग लहान आहेत. साठ, ऐंशी बायका, काही आठवडे. आपल्याला खेळ मिळाला की नाही हे प्रत्येकीला ठाऊक असतं, त्यामुळे नुसत्या उत्साहाचा आणि गटातल्या मैत्रीचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. मैत्रीचा वाटा मोठा असेल असा माझा कयास आहे, आणि त्यात मला काही वावगंही वाटत नाही.

तुमच्या गावात कुणी व्हीआर थेरपीचं पॅकेज घेऊन आलं, तर संधिवाततज्ज्ञांकडून निदान आधी पक्कं करून घ्या. फिट येत असेल किंवा अर्धशिशी असेल तर तेही सांगा. पहिल्यांदा बसून, पाच मिनिटंच. भिंगांचं अंतर तुमच्या डोळ्यांना जुळवून द्यायला सांगा. आणि पैसे मोजण्याआधी एकच विचारा: हा चष्मा काढल्यावर, उद्या घरी, मी कोणती हालचाल किती वेळा करायची? त्याचं लेखी उत्तर मिळालं नाही, तर पर्स उघडू नका.